‘लिव्हर पॅकेज’, २,९९९ रुपये: रक्त नीट काढलं, प्रश्न नीट विचारला नाही

रिव्ह्यू लिहिणाऱ्याची लायकी आधी कळलेली बरी. वय ४९. डोंबिवली एमआयडीसीत रंगांची इंटरमीडिएट्स बनवणाऱ्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, सेकंड क्लास. साधारण एकोणीस वर्षं रोज रात्री व्हिस्की. दंगा नाही, शिवीगाळ नाही, कधी गटारात पडलो नाही, एकही शिफ्ट बुडवली नाही. सोसायटीत मला कोणी ‘बेवडा’ म्हणत नाही. तो मान तळमजल्यावरच्या एका काकांचा आहे आणि ते माझ्यापेक्षा कमी पितात हे मला आता कळलंय.

पॅकेज लेकीने बुक केलं. ती बी फार्म करते, तिसरं वर्ष. माझ्या वाढदिवसाला शर्ट येतो दरवर्षी, या वेळी मोबाइलवर मेसेज आला: ‘आपली लिव्हर तपासणी निश्चित झाली आहे.’ लॅबचं नाव लिहीत नाही. शहराशहरात कलेक्शन सेंटरं असलेली, ॲपवाली, जाहिरातीत हसरं कुटुंब दाखवणारी अशी एक. पॅकेजमध्ये घरून रक्त नेणं, लिव्हरच्या तपासण्या, हिमोग्राम, लिपिड, साखर, युरिक ॲसिड, सेंटरवर जाऊन लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन आणि शेवटी डॉक्टरांशी फोनवर सल्ला. छापील किंमत सात हजारांच्या वर, ‘ऑफर’ २,९९९. ही सात हजारांची किंमत आजवर कोणी दिली असेल असं मला वाटत नाही.

बुकिंगनंतर ॲपवर फॉर्म येतो. त्यात एक प्रश्न, ‘मद्यपान’, आणि तीन पर्याय: कधीच नाही, कधीमधी, नियमित. मी ‘कधीमधी’वर बोट टेकवलं. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. नियमित म्हणजे ते तळमजल्यावरचे काका. मी जेवणाआधी दोन पेग घेतो, बस. सगळी गोम या प्रश्नातच आहे. लिव्हरची तपासणी विकणाऱ्या कंपनीने लिव्हर बिघडवणाऱ्या सगळ्यात ओळखीच्या गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारावा आणि त्यालाही पळवाट ठेवावी!

आदल्या दिवशी सूचनांचा मेसेज आला. बारा तास उपाशी राहा, पाणी चालेल, चहा-कॉफी नको, सिगारेट नको. दारूचा उल्लेख नाही. मी तो कायद्याच्या माणसासारखा दोनदा वाचला आणि साडेनऊला पहिला पेग भरला. चकणा मात्र घेतला नाही, कारण उपास होता. (हसा. बायकोही हसली होती, पण वेगळ्या तऱ्हेने.) आदल्या रात्रीच्या दारूने ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वर उडी मारतात हे नंतर कळलं. म्हणजे त्या दिवशीचा माझा ३४० चा आकडा थोडा फुगवलेला असणार. एवढी एक ओळ मेसेजमध्ये टाकली असती तर काही बिघडलं नसतं. एक तारा इथेच गेला.

सकाळी साडेसहाला सॅम्पल न्यायला पोरगा आला. चोवीस-पंचवीसचा, पाठीला थंड पेटी, पावसात भिजलेला. पॅकेजमधला सर्वांत चांगला भाग हाच. नवीन सुई माझ्यासमोर फोडली, नळ्यांवर माझं नाव-वय वाचून दाखवलं, एका टोचण्यात काम. मी कापूस दाबून बसलो आणि तो टॅबवर बघत म्हणाला, ‘‘काका, कधीमधी लिहिलंय. म्हणजे?’’

‘‘म्हणजे दोन पेग.’’

‘‘रोज?’’

मी गप्प.

‘‘घरचा पेग की बारचा?’’

हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. बारमध्ये पेग मापाने येतो, ३० चा किंवा ६० चा. घरात माप म्हणजे ग्लास आणि ग्लासावरची फुलं. पहिल्या फुलापर्यंत व्हिस्की, वर पाणी.

पुढच्या रविवारी कंपनीच्या लॅबमधून बाद झालेलं शंभर मिलीचं मेजरिंग सिलिंडर घरी आणलं. काठावर टवका उडालेला होता, पण रेघा शाबूत. नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखा पेग ओतला, डोळे न वळवता, टीव्ही बघत बघत. मग तो सिलिंडरमध्ये ओतला आणि सवयीप्रमाणे डोळा पातळीला आणून खालची कड वाचली. ९२. दुसऱ्यांदा ८८. दोन पेग म्हणजे १२० नाही, १८०. म्हणजे क्वार्टर. मी रोज क्वार्टर मारत होतो आणि स्वतःला ‘दोन पेगवाला’ म्हणवत होतो. हिशोब समोरच होता खरं तर. साडेसातशेचा खंबा साठच्या दोन पेगांनी सहा दिवस पुरायला हवा, माझा चार दिवसांत रिकामा व्हायचा. कंपनीत बॅचमध्ये एवढी तूट आली असती तर मी चार माणसांना उभं केलं असतं.

आता केमिस्ट आहे म्हटल्यावर पुढचं गणित आलंच. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आकारमानाने. १८० मिलीत ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. घनता ०.७८९ धरली की ६० ग्रॅम आणि वर थोडं. वर्षाचे तीनशे दिवस धरू, कारण मी श्रावण पाळतो, त्यावर पुढे येतोच. तरी वर्षाला १८ किलो होतात. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे मी वर्षाला सव्वा सिलिंडर निव्वळ अल्कोहोल लिव्हरमधून पास केलं, एकोणीस वर्षं. खंब्यांचे पैसे किती झाले तो आकडाही काढलाय, पण इथे लिहीत नाही, बायको वाचते.

‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी: साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. दोन बाटल्या झाल्या की माझ्या क्वार्टरच्या पुढे गेलात. वाइनचा दीडशे मिलीचा ग्लास १४ ग्रॅमच्या आसपास. लिव्हर बाटलीचा आकार बघत नाही, ग्रॅम बघतं.

रिपोर्ट रक्त दिल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला होता, वेळेत. एकवीस पानं, त्यातली नऊ जाहिरातीची. आकडे असे: लिव्हरची तीन एन्झाइम्स, एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४, जीजीटी २१२; युरिक ॲसिड ८.१; हिमोग्राममध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०३. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट ठीक. ज्याचं त्याचं खोकं लाल नाहीतर हिरवं. जीजीटीचं लाल खोकं बघून मी घाबरलो, एमसीव्हीचं लाल खोकं बघून वाटलं बी-१२ कमी असेल, युरिक ॲसिडला म्हटलं मटण जास्त झालं. प्रत्येक आकडा सुटा, प्रत्येकाखाली सुटी माहिती. ‘जीजीटी वाढण्याची अनेक कारणं असू शकतात.’ असू शकतात ना, पण हे सगळे एकाच रक्तातले आहेत!

लेकीने रिपोर्ट माझ्या हातातून घेतला आणि पेन्सिलीने रेघ ओढली. एसजीओटीला एसजीपीटीने भाग, दोनच्या वर गेलं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुतेकदा एसजीपीटी पुढे असतं, दारूच्या लिव्हरमध्ये एसजीओटी दुपटीने पुढे जातं. सोबत जीजीटी वर, तांबड्या पेशी फुगलेल्या, युरिक ॲसिड वर. ‘‘बाबा, यातलं एकेक वेगळं असतं तर दहा कारणं निघाली असती. चारही एकत्र आले की एकच निघतं,’’ म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

एकवीस पानांत ‘अल्कोहोल’ हा शब्द शोधला. एकदाच सापडला. पहिल्या पानावर, माझ्याच माहितीत: कधीमधी.

इथे थोडं विषयांतर, पण मला ते केल्याशिवाय राहवत नाही. या कंपनीत येण्याआधी मी एका प्लांटवर होतो, तिथे कच्चा माल म्हणून ॲसिटाल्डिहाइड यायचं. विसाव्या अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणून थंड ठेवायचं, नायट्रोजनखाली. सडक्या सफरचंदासारखा उग्र वास. मास्क, गॉगल, हातमोजे घातल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायला मनाई आणि ती मनाई पाळून घेणारा मीच. हेच ॲसिटाल्डिहाइड कारखान्यात अल्कोहोलपासून, ऑक्सिडेशन करून बनवता येतं. लिव्हरमध्येही पहिली पायरी तीच, फक्त धातूच्या कॅटलिस्टऐवजी एन्झाइम. त्यानंतर त्याचं ॲसिटेट होतं आणि ते निरुपद्रवी असतं. पण मधल्या वेळात ते पेशींना, डीएनएला झोंबून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या शेजारी. २००९ मध्ये दारूतून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइडही त्याच गटात गेलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. तंबाखू खाणारा माणूस पीत असेल तर तोंड-घशाच्या बाबतीत धोक्यांची बेरीज होत नाही, त्याहून जास्त होतं. आमच्या गेटबाहेर सुटलेल्या शिफ्टकडे बघा, निम्म्यांच्या गालात काहीतरी असतंच. आणि मी दिवसा मास्क लावून ज्याच्याजवळ जायचो, ते रात्री पायजम्यावर बसून पोटात बनवत होतो.

दुसरी गोष्ट केमिस्टांना आवडेल. ही प्रक्रिया झिरो ऑर्डर आहे. म्हणजे माल जास्त आला म्हणून लिव्हर वेग वाढवत नाही. तासाला साधारण सात ग्रॅम, सरकारी कचेरीसारखं. साठ ग्रॅमला साडेआठ तास. साडेनऊला पहिला घोट घेतला तर शेवटचं निकाली निघेपर्यंत पहाटेचे सहा. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेच तो वेग वाढत नाही. आणि मी वर्षानुवर्षं फर्स्ट शिफ्टला साडेसहाला बाइक काढत आलोय. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची कायद्याची मर्यादा आहे. एखाद्या रात्री उशिरा बसून तिसरा पेग झाला असेल तर सकाळी मी कुठे असेन याचा हिशोब केला आणि वही मिटली.

आता श्रावण. गटारीला दणकून बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत थेंब नाही, हा माझा वीसेक वर्षांचा नेम. दीड महिना! ‘मी कधीही सोडू शकतो’ याचा दरवर्षी काढलेला दाखला. पहिले चार-पाच दिवस झोप लागायची नाही, घाम यायचा, चहाच्या कपाचा बशीवर खडखडाट व्हायचा. ते मी पावसावर ढकलायचो. आणि आमच्या कंपनीची वार्षिक तपासणी कधी? विसर्जनानंतरच्या आठवड्यात. जीजीटी दारू बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत निम्मं होतं. म्हणजे माझी तपासणी बरोबर त्या दिवसांत व्हायची, जेव्हा लिव्हर वर्षातलं सर्वांत चांगलं असतं. ‘फिट’ असा शिक्का. तो कागद मी भावाला दाखवलाय, मेव्हण्याला दाखवलाय, चकण्याच्या ताटलीशेजारी ठेवून दाखवलाय. लेकीने या वेळी मुद्दाम गटारीच्या आधीची तारीख घेतली. बी फार्मची फी वसूल झाली.

फायब्रोस्कॅन सेंटरवर. आधी तीन तास उपाशी. ‘स्कॅन’ म्हटल्यावर मला वाटलं बोगद्यात घालतील, पण नाही. पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्यावर घ्यायचा, उजव्या बरगड्यांच्या मधे जेल लावून प्रोब टेकवतात. कोणी बरगडीवर टिचक्या माराव्यात तसं वाटतं. निदान दहा टिचक्या. प्रत्येक टिचकीची लहर लिव्हरमधून किती वेगाने गेली ते मशीन मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगाने जाते. कंपनीत पाइपावर हातोडी मारून आवाजावरून आत काय आहे ते ओळखणारा एक जुना फिटर होता, त्याची आठवण झाली. सात मिनिटांत काम झालं. टेक्निशियन बाई शांत आणि नीट बोलणाऱ्या. माझा कडकपणा ९.१ किलोपास्कल. निरोगी लिव्हर बहुतेकदा सातच्या आत असतं. चरबीचा आकडा ३१८, तोही लाल.

हे मशीन चांगलं आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी होती. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला सूज असते आणि सुजेनेही कडकपणा वाढलेला दिसतो. म्हणजे ९.१ मधला काही भाग कायमचा आणि काही सुजेचा, आणि थोडे आठवडे बंद करून पुन्हा मोजल्याशिवाय ते वेगळं होत नाही. हे मला सेंटरने सांगितलं नाही, रिपोर्टने सांगितलं नाही. त्यामुळे मी चार दिवस ‘अर्धा सिरोसिस’, म्हणजे लिव्हर अर्धं कायमचं कडक झालं, असं मनात घेऊन फिरलो.

फोनवरचा सल्ला, चार मिनिटं दहा सेकंद. कॉल लॉग बघून लिहितोय. ‘‘फॅटी लिव्हर आहे सर. तेलकट कमी करा, रोज चाला, वजन उतरवा.’’ मीच विचारलं, ‘‘ड्रिंक्सचं काय?’’ उत्तर: ‘‘लिमिटमध्ये ठेवा.’’ लिमिट किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही ते सोयीचं होतं. फोन ठेवला आणि लगेच लिंक आली, लिव्हर टॉनिकची, तीन बाटल्यांवर सूट. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही. मग लिमिट हा शब्द आला कुठून? आपल्याकडे तर प्यायला परवानाही मिळतो, एक दिवसाचा, वर्षाचा, आजन्म. माझ्या पाकिटात आजन्म आहे. त्यावर लिव्हरची सही घेतलेली नाही.

या भागाला शून्य तारे देता येत नाहीत म्हणून एक.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. सत्तरी उलटलेली, दवाखान्यात कंपाउंडरही तेवढाच जुना, फी दोनशे. त्यांनी रिपोर्टची एकवीस पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘‘हात पुढे कर. बोटं पसर.’’ पसरली. त्यांनी बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मीही बघत होतो, तेही बघत होते. सकाळचे अकरा वाजले होते.

मग त्यांनी दहा प्रश्नांचा कागद काढला. ऑडिट म्हणतात त्याला, जागतिक आरोग्य संघटनेनेच तयार केलेला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठ किंवा त्याहून जास्त झाले की पिणं धोक्याचं. प्रश्न साधे आहेत. किती वेळा पिता. एका बैठकीत किती. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं वर्षात किती वेळा झालं. रात्रीचं काही आठवलं नाही असं किती वेळा. घरच्या कोणी किंवा डॉक्टरने कमी करायला सांगितलंय का. सिलिंडरचा आकडा माहीत असल्यामुळे मला खोटं लिहिता येईना. एकोणीस गुण आले. हा कागद फुकट आहे. २,९९९ च्या पॅकेजमध्ये तो नाही.

घरी येऊन लगेच खंबा बेसिनमध्ये ओतायचा असा माझा विचार होता, आम्हा मराठी माणसांना असे प्रसंग आवडतात. डॉक्टरांनी दम दिला. ‘‘एकदम बंद करायची असेल तर माझ्या नजरेखाली. श्रावणात दरवर्षी काय केलंस ते तुझं नशीब.’’ रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात थांबवलं तर मेंदू चवताळतो: थरथर, घाम, धडधड, काहींना आकडी, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम. तो भ्रम जिवावर बेतू शकतो. मला आठ दिवस उतरत्या डोसाच्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्व, रोज सकाळी दवाखान्यात हजेरी. बी-वन कशाला, तर रोजच्या दारूत ते शरीरात टिकत नाही आणि फार कमी झालं तर नजर, चाल, स्मरण या सगळ्यांवर घाला पडतो. ज्यांना आधी आकडी आलीय किंवा सकाळी उठल्यावर लागते, त्यांनी तर हे घरी करूच नये, भरती व्हावं. पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करतंय, जिल्ह्याजिल्ह्यात इतरही आहेत. मला तिथवर जावं लागलं नाही. लागलं असतं तर तेही इथे लिहिलं असतं.

पहिली तीन रात्री वाईट. चौथ्या रात्री झोप लागली ती सकाळी गजराने उघडली. एकोणीस वर्षं मला वाटायचं, दारूने झोप चांगली लागते. लागायची लवकर, पण अडीचला डोळे टक्क उघडायचे. गुंगी उतरली की झोपेचा दुसरा अर्धा भाग मोडतो, हे त्याचं कारण. मी ते वयावर आणि प्रोस्टेटवर ढकलायचो. रक्तदाब १४८/९४ होता, त्याची गोळी सुरू होण्याच्या बेतात होती. सहा आठवड्यांनी १३२/८४, गोळीशिवाय. पॅकेजमध्ये रक्तदाब मोजतच नाहीत. दारूचा रक्तदाबाशी संबंध थेट आहे, पण पॅकेजचं नाव लिव्हर, म्हणून बाकीचं शरीर बाद.

‘एसजीपीटी तेवढं बघून घेतो, दोनशे रुपयात होतं’ असं कोणी म्हणत असेल तर आमच्या शिफ्टमधला एक जण आठवतो. त्याचं एसजीपीटी कायम नॉर्मल. कारण मरायला पेशी उरल्याच नव्हत्या, लिव्हरचा दगड झाला होता. प्लेटलेट एक लाखाच्या खाली होत्या, त्या कोणी पाहिल्या नाहीत. पोटात पाणी भरलं, मग एका पहाटे रक्ताची उलटी. बेचाळीस वर्षांचा होता. रोज साठ ग्रॅमच्या पुढे पिणाऱ्यांपैकी बहुतेक सगळ्यांच्या लिव्हरला चरबी धरते, सिरोसिसपर्यंत त्यातले थोडेच जातात. पण ते थोडे कोण, हे आधी कळत नाही. चरबीच्या टप्प्यावर थांबलं तर लिव्हर काही आठवड्यांत मागे येतं, एवढा त्या अवयवाचा मोठेपणा.

बारा आठवड्यांनी मी तीच तपासणी पुन्हा केली, या वेळी स्वतःच्या पैशाने. त्यामुळे जाहिरातीची नऊ पानं जास्त टोचली. जीजीटी ५८, एसजीओटी ३४, एसजीपीटी ३१, ट्रायग्लिसराइड्स १६८. एमसीव्ही ९६, ते सावकाश उतरतं कारण तांबड्या पेशी बदलायला तीन-चार महिने घेतात. फायब्रोस्कॅन ६.४. चरबी २६१, अजून थोडी लाल. ढेरी एक भोक आत. क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी गेल्या, वर चकण्याचे शेंगदाणे गेले, म्हणून असेल.

मग पॅकेज घ्यावं का? रोज पिणारे असाल आणि फायब्रोस्कॅन हवंच असेल तर या किमतीत वाईट नाही, बाहेर नुसत्या त्याचेच एवढे घेतात. आकडे बरोबर होते, ते मी दुसऱ्या लॅबमधून जीजीटी करून पडताळले. पण आधी घरचा पेग मोजा. मेजरिंग सिलिंडर नसेल तर कफ सिरपचं झाकण असतं घरात, त्याने मोजा. ते दहा प्रश्न सोडवा. त्यानंतर एखादा ओळखीचा डॉक्टर, त्याच्याकडे लिव्हर फंक्शन, जीजीटी आणि हिमोग्राम, एवढ्यात निम्म्या पैशात माझं सगळं कळलं असतं. आणि गणपतीनंतर तपासणी करू नका. केली तर निदान स्वतःला फसवतोय हे माहीत असू द्या.

तारे: रक्त नेणारा पोरगा पाच, फायब्रोस्कॅन चार, रिपोर्ट दोन, फोनवरचा सल्ला एक. सरासरी तुम्ही काढा.

दुसऱ्या वेळी तोच पोरगा आला होता. त्याने ॲप उघडलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘काका, अजून कधीमधीच आहे इथे.’’ मी म्हटलं, ‘‘बदल ना.’’ त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा भरलेलं उत्तर त्या ॲपमध्ये बदलता येत नाही, कस्टमर केअरला मेल करावी लागते. मेल केली त्याला पाच आठवडे झाले. तिकीट नंबर आलाय.